नागपूरच्या उन्हात वेलाचा घेवडा: फुलं येतात, शेंग धरत नाही

सातारची_लेक | १९ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लग्न होऊन साताऱ्याहून नागपूरला आले त्याला तीन वर्षं झाली. मानेवाड्यात राहतो, गच्ची आमच्याकडेच आहे. दिवाळीत माहेरी गेले तेव्हा आईनं चहाच्या डब्यात घालून घेवड्याचं बी दिलं. हा वेलाचा घेवडा आमच्या परड्यात आजीच्या वेळेपासून आहे. शेंग चपटी, कोवळी असली तर शीरसुद्धा काढावी लागत नाही. वाळलेला दाणा फिकट तपकिरी, त्यावर गडद रेघा. असं बी इथल्या बाजारात मी खूप शोधलं, मिळालं नाही.

एकूण ४० बिया होत्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चार ग्रो बॅगांमध्ये मिळून १६ लावल्या. सगळ्या उगवल्या. सुतळ्या बांधून दिल्या, वेल सात फूट चढला. एप्रिल लागला तशी भरभरून फुलं आली आणि तेव्हापासून रोज सकाळी फुलं खाली पडलेली असतात, देठासकट. आज मोजली, ६१ होती. वेलावर शेंगा दोनच, त्याही वाकड्या, एकेका दाण्याच्या.

पाणी दोन्ही वेळ देते. माती, शेणखत, कोकोपीट मिसळलेलं आहे. कीड दिसत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, काडीला कापूस लावून हातानं परागीकरण कर. करू का? आणि उरलेल्या २४ बिया आत्ता लावू की ठेवू? आईकडेही आता मूठभरच बी शिल्लक आहे, म्हणून जीव लागून राहिलाय.

गच्चीकर_नंदनवन | १९ एप्रिल, रात्री १०:१५

ताई, महिना चुकला. बाकी सगळं तुम्ही नीट केलंय. वेल सात फूट गेला म्हणजे माती चांगली आहे, पाणीही पुरतंय. पण घेवडा, फरसबी, राजमा ही सगळी एकाच कुळातली भावंडं, आणि त्यांना नागपूरचा एप्रिल सोसत नाही. पारा पस्तिशीच्या पुढे गेला की फूल टिकत नाही, आपल्याकडे तर चाळिशी ओलांडून गेलाय.

कापसाची काडी ठेवून द्या. या फुलाचं परागीभवन फूल उमलायच्या सुमारासच आतल्या आत होऊन जातं. त्याला मधमाशीचीही गरज नसते.

उरलेल्या २४ बियांना आत्ता हात लावू नका. काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा. मेमधल्या आपल्या घरातल्या उष्म्यात बियांची उगवण कमी होते.

काटोलचा_भाऊ | २० एप्रिल, सकाळी ६:०५

गच्चीकर भाऊ बरोबर सांगून राहिले. ताई, उन्हाळ्यात वेलाची शेंग खायची असन तं बरबटी लावा. बरबटी म्हणजे तुमच्याकडची चवळी. आमच्या विहिरीजवळ माय दरवर्षी फेब्रुवारीत दोन वाफे टाकते. मे महिन्यात बाजारात हिरवी भाजी हुडकावी लागते, तवा आमच्या घरी एक दिवसाआड बरबटीच्या शेंगा असतात. मांडवाले तुऱ्हाट्या अन् पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या अन् कपाशीच्या वाळल्या काड्या. विकत काही आणा लागत नाही.

सातारची_लेक | २० एप्रिल, सकाळी ८:३०

गच्चीकर दादा, काटोलचे भाऊ, खूप आभार. रात्रीच बरणी फ्रीजमध्ये ठेवली. आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, मी जूनमध्ये लावते, तुला कुणी फेब्रुवारी सांगितला?" तेही खरंच. उन्हाळी भाज्या फेब्रुवारीत लावतात एवढंच डोक्यात होतं.

पण मला समजून घ्यायचंय. दोन्ही शेंगाच, दोन्ही वेलच. मग चवळीला जे ऊन चालतं ते घेवड्याला का चालत नाही?

कृषीकन्या | २० एप्रिल, दुपारी २:१०

चांगला प्रश्न आहे, म्हणून जरा लांबवून लिहिते.

घेवडा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला. तिथे दिवस उबदार, रात्री गार. १६ ते २४ अंशांच्या आसपास तो सगळ्यात खुशीत असतो. चवळी मूळची आफ्रिकेतली, कोरड्या, तापलेल्या प्रदेशातली. एकीच्या रक्तात गारवा, दुसरीच्या रक्तात ऊन.

फूल गळतं त्याचं खरं कारण परागकण. कळी उमलायच्या काही दिवस आधी परागकण तयार होत असतात आणि त्या काळात उष्णता जास्त झाली तर ते नापीक निघतात. फूल दिसायला सुंदर उमलतं, पण फळधारणा होत नाही, आणि झाड ते टाकून देतं. म्हणजे आज पडलेल्या फुलाचं नशीब चार-आठ दिवसांपूर्वीच ठरलेलं असतं.

त्यातही दिवसापेक्षा रात्र महत्त्वाची. दुपारी ३८ जाऊन रात्री १८ वर येणाऱ्या गावात थोड्या तरी शेंगा धरतील. आपल्याकडे मेमध्ये रात्रीचा पारा २८-३० च्या खाली यायला तयार नसतो. गच्चीवर तर आणखी वाईट, कारण दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. वेलाला विसावा मिळतच नाही.

चवळीचं फूल पहाटे उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटतं. सकाळी सहाला गच्चीवर गेलात तर दिसेल. उन्हाचा कहर सुरू होण्याआधी तिचं काम झालेलं असतं.

हिरवीजाळी | २० एप्रिल, सायंकाळी ७:००

मी असहमत. ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावा, सगळं पिकतं. मी गेल्या उन्हाळ्यात जाळीखाली फरसबी घेतली आहे.

गच्चीकर_नंदनवन | २० एप्रिल, सायंकाळी ७:२५

हिरवीजाळी, कधी पेरली आणि शेंगा कधी तोडल्या?

हिरवीजाळी | २० एप्रिल, सायंकाळी ७:४०

१० जानेवारीला पेरली होती. बुटकी जात. मार्चमध्ये तोडली.

गच्चीकर_नंदनवन | २० एप्रिल, रात्री ८:०५

मग बरोबर आहे, फुलं फेब्रुवारीत आली. ते फेब्रुवारीचं देणं. जाळी मीही लावतो आणि तिचा फायदा नक्की आहे: पानं करपत नाहीत, माती लवकर वाळत नाही. पण रात्रीची हवा जाळीनं गार होत नाही.

हिरवीजाळी | २० एप्रिल, रात्री ८:१५

हे पटलं. यंदा नोंद ठेवतो तारखांची.

मास्तर_महाल | २१ एप्रिल, सकाळी ७:१०

आमच्या आईचा नेम होता, अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलांच्या बिया टोचायच्या. दोडका, कारली, भोपळा, वाल. म्हणायची, या दिवशी लावलेल्या वेलाला तोटा नाही. महालातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात हे मी साठच्या दशकात पाहिलेलं आहे. तेव्हा सातारच्या लेकीनं उरलेल्या बिया निदान त्या दिवशी तरी लावाव्यात असं मला वाटतं.

गच्चीकर_नंदनवन | २१ एप्रिल, सकाळी ९:००

मास्तर, त्या परंपरेचा मान आहेच, मीही त्या दिवशी दोडका टोचतो. पण तुमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात विहीर असणार, झाडांची सावली असणार, आणि माती जमिनीची, खोलवर गार. दुसऱ्या मजल्याच्या वरच्या गच्चीवर तेच बी नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भाजून निघेल. आणि ज्या वेलांची नावं तुम्ही घेतली ते उष्णतेचेच वेल. त्यात घेवडा नाही.

मास्तर_महाल | २१ एप्रिल, सकाळी ९:४५

विहीर होती, लिंबाचं मोठं झाडही होतं. तुमचं म्हणणं रास्त आहे. बिया राहू द्या.

एक निरीक्षण मात्र सांगतो, शाळेत मुलांना दाखवायचो. घेवडा, चवळी, वाल यांना दोडक्याकारल्यासारखे ताणे नसतात. खोडाचा शेंडाच आधाराभोवती गुंडाळत जातो, आणि वरून पाहिलं तर नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. आपण हातानं दुसऱ्या दिशेनं गुंडाळून दिला तर तो सुटतो आणि पुन्हा आपल्या दिशेनं जातो. म्हणून सुतळीवर चढवताना दिशा पाहून चढवा.

सातारची_लेक | २१ एप्रिल, सकाळी १०:२०

मास्तर, आत्ता गच्चीवर जाऊन पाहून आले. सोळाच्या सोळा वेल एकाच दिशेनं! दोन महिने रोज बघतेय आणि हे दिसलं नव्हतं.

बरबटी लावायचं ठरलंय. आता एप्रिल संपत आला, उशीर झाला का?

काटोलचा_भाऊ | २१ एप्रिल, दुपारी १२:३०

पाणी असन तं उशीर नाही. बी रात्रभर भिजत नका घालू, दोन-तीन घंटे पुरे, नाही तं सडते. एका पिशवीत चार बिया टोचा, दोन चांगली रोपं ठेवा. दीड महिन्यात शेंग हाती येते. कोवळी असतानाच तोडत जा, एक दिवसाआड. शेंग जून होऊ दिली का वेल म्हणते माझं काम झालं, अन् फुलं कमी करते.

कृषीकन्या | २१ एप्रिल, दुपारी १:१५

भाऊंच्या सल्ल्यात थोडी भर. गच्चीसाठी बी घेताना वेलाची जात आहे का ते विचारा, कारण चवळीच्या बऱ्याच प्रसिद्ध जाती बुटक्या आहेत. पुसा कोमल, काशी कांचन या झुडपासारख्या वाढतात. मांडवावर चढवायची असेल तर बंगळूरच्या बागवानी संस्थेची अर्का मंगला चांगली, हातभर लांब शेंगा येतात.

रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंची, पुडी मिळाली तर जरूर वापरा. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियांना चोळायची आणि सावलीत सुकवून पेरायचं. महिन्याभरानं एखादं रोप उपटून मुळं पाहा. गाठी दिसतील, त्यातली एक नखानं फोडली की आत गुलाबी रंग दिसला पाहिजे. गुलाबी म्हणजे गाठ हवेतला नत्र धरते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती काम करत नाही.

आणि शेणखत आधीच भरपूर असेल तर वरून कोंबडखत, युरिया काही देऊ नका. शेंगवर्गीय वेलाला नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो.

वाळ्याची_ताटी | २२ एप्रिल, रात्री ९:५५

गच्चीवर बाग करणाऱ्या नागपूरकरांना कळकळीची विनंती: कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालू नका. मी दोन वर्षं घातलं, पाणी वाया जाऊ नये या चांगल्या हेतूनं. पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ताट्यांवर जो पांढरा थर बसतो ना, तोच कुंडीत साचत जातो. माझ्या चवळीची पानं कडेनं जळाली, मातीवर पांढरी पापडी धरली. त्या पाण्यानं फरशी धुवा.

दुसरं, रबरी नळी उन्हात पडलेली असेल तर सुरुवातीचं पाणी बादलीत सोडा. हाताला चटका बसतो इतकं तापलेलं असतं ते. सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर पाणी द्या.

गच्चीकर_नंदनवन | २२ एप्रिल, रात्री १०:३०

वाळ्याची ताटी, अगदी मोलाचं लिहिलंत. त्यात माझी भर: काळ्या ग्रो बॅगा उन्हात आतून उकळतात. बाहेरून जुना बारदाना गुंडाळा आणि तो ओला ठेवा. मातीवर चार बोटं वाळलेल्या पानांचं आच्छादन. मांडवाला लोखंडी तार नको, दुपारी तापून कोवळा शेंडा भाजतो. सुतळी किंवा बांबू बरा.

मी बरबटीचा मांडव पश्चिमेच्या खिडकीबाहेर, कूलरपासून हातभर अंतर सोडून केलाय. दुपारचं ऊन भिंतीवर पडतच नाही. आतली खोली जाणवण्याइतकी गार राहते आणि खिडकीतून हात घातला की शेंगा मिळतात. अंतर मात्र सोडायला हवं, नाहीतर पाला ताट्यांना चिकटतो आणि कूलरला हवा मिळत नाही.

मधुरा_गोकुळपेठ | २३ एप्रिल, सकाळी ११:००

खिडकीतून भाजी! माझा नवरा वाचून म्हणतो, फोडणीपण खिडकीतच देऊ.

हिंगण्याचा | २३ एप्रिल, दुपारी ४:२०

आमच्याकडे उन्हापेक्षा मोठा प्रश्न वांदरं. टोळी आली की पाला, फूल, शेंग काही ठेवत नाही. जाळीनं सगळं बंद केल्याशिवाय मला तरी काही हाती लागलं नाही. मच्छीमारीची जुनी नायलॉन जाळी स्वस्तात मिळते, मजबूत असते. वेलही तिच्यावरच चढतो, वेगळा मांडव लागत नाही.

सातारची_लेक | ९ जून, सायंकाळी ६:१५

मंडळी, खबर द्यायला आले. २४ एप्रिलला बरबटी टोचली होती. आज पहिली तोडणी, पाव किलोला थोडी कमी. ४५ अंशांच्या दुपारी काढूनही वेल हिरवागार आहे. मेच्या मध्यात शेंड्यांवर काळा मावा भरपूर झाला होता. ५ टक्के निंबोळी अर्क दोनदा फवारला, शेंडे पाण्याच्या धारेनं धुतले, आटोक्यात आला. वेलावर मुंगळे सारखे फिरताना दिसतात, त्यांचं काय करू?

घेवड्याचे वेल मेच्या पहिल्या आठवड्यात वाळले. त्या दोन शेंगांमधून दोन दाणे निघाले. तेही बरणीत ठेवले. आता २६ आहेत.

कृषीकन्या | ९ जून, रात्री ८:००

किती छान! मुंगळे माव्याचा गोड चिकटा खायला येतात आणि त्या बदल्यात त्याला राखतात, त्यामुळे मावा हटवला की गर्दी कमी होईल. पण चवळीच्या फुलांच्या दांड्यावरही मधुरसाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यामुळे थोडे मुंगळे राहतातच. मावा नसेल तर त्यांना राहू द्या, ते अळ्यांवरही तुटून पडतात.

खाऊप्रेमी_धरमपेठ | १० जून, सकाळी १०:१०

पहिल्या तोडणीची भाजी साधीच करा: तेलात लसूण, लाल तिखट, मीठ, झाकण ठेवून वाफेवर. पाणी घालू नका. आणि काही शेंगा वेलावर वाळू द्या. त्या दाण्यांचे बरबटीचे वडे पावसात करायचे. दाणे रात्रभर भिजवून जाडसर वाटायचे, त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं. वड्याचं पीठ पातळ करू नका, वाटताना पाणी जवळजवळ घालायचंच नाही.

काटोलचा_भाऊ | १० जून, रात्री ९:००

मृग लागला. आता वालाची वेळ. ताई, बांधावर, कुंपणावर, जागा असन तिथं वाल टोचून द्या. आमच्याकडे वालाच्या हिरव्या दाण्याले पोपट म्हणतात. दिवाळीनंतर पोपटाच्या दाण्याची भाजी, आलू-वांगं टाकून, अन् ज्वारीची भाकर.

अलिबागची_सून | १० जून, रात्री ९:३०

पोपट! आमच्या रायगडात पोपटी म्हणजे वेगळंच. थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, आत भांबुर्ड्याचा पाला, ओवा, मीठ, बटाटे, अंडी, हवं तर कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. मडक्याचं तोंड पाल्यानं बंद करून ते उलटं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळ्याचा जाळ. शेतातच बसून खायचं. तुमच्या पोपटाचं आणि आमच्या पोपटीचं बी एकच निघालं की!

काटोलचा_भाऊ | १० जून, रात्री ९:५०

ताई, मडकं घेऊन या काटोलले, शेंगा आमच्या.

मधुरा_गोकुळपेठ | ११ जून, सकाळी ९:१५

वालाबद्दल विचारायचं होतं. मी गेल्या वर्षी जूनमध्ये वाल लावला. पाऊसभर नुसता वाढला, शेजारच्या गच्चीवर गेला, पण सप्टेंबरपर्यंत एक फूल नाही. कंटाळून उपटून टाकला.

कृषीकन्या | ११ जून, सकाळी १०:०५

अरेरे, महिनाभर थांबायला हवं होतं! पारंपरिक वेलाचा वाल दिवस लहान होऊ लागले की फुलतो. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, फुलं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच. जागा कमी असेल तर जुलैच्या शेवटी लावायचा, पाला कमी माजतो. चौधारी घेवड्याचंही असंच आहे. दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेल्या बुटक्या जातीही आहेत, दापोलीचा कोकण भूषण, बंगळूरचे अर्का जय आणि अर्का विजय. पण मांडवाची शोभा वेलालाच.

आणि एक सूचना, ज्यांच्याकडे डबल बी किंवा अबईचा वेल आहे त्यांच्यासाठी. जून दाणे कच्चे खाऊ नका, मुलांनाही देऊ नका. राजम्याचंही तेच. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं आणि चांगलं उकळून शिजवायचं.

वाळ्याची_ताटी | १२ ऑगस्ट, रात्री ८:४०

धागा वर काढते. पावसात बरबटीची नवी पानं पिवळी पडताहेत, शिरा मात्र हिरव्या. गच्चीत नाही, खाली अंगणातल्या काळ्या मातीत. मोझॅक (विषाणूचा रोग) आहे का?

गच्चीकर_नंदनवन | १२ ऑगस्ट, रात्री ९:२०

फोटो पाहिला. मोझॅकमध्ये पिवळे-हिरवे ठिपके विखुरलेले असतात, पान सुरकुततं. तुमचं सगळं पान सारखं पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. आपल्या काळ्या मातीत चुना जास्त, त्यात पाणी साचलं की मुळांना लोह घेता येत नाही. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), अर्धं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. पण आधी पाण्याला वाट करून द्या. काळ्या मातीत पावसाळी वेल नेहमी वरंब्यावर लावावा.

मोझॅक असता तर झाड उपटायलाच सांगितलं असतं, पांढरी माशी तो पसरवते.

वाळ्याची_ताटी | २५ ऑगस्ट, सकाळी ८:००

चर काढला, दोन फवारण्या केल्या. नवी पानं हिरवी येताहेत. आभार, गच्चीकर दादा.

सातारची_लेक | २८ सप्टेंबर, रात्री ९:१०

मूळ प्रश्नाकडे येते. बरणीत २६ बिया आहेत. पाऊस ओसरतोय. आता लावू का? सगळ्यांचं एकदा ऐकून घ्यायचंय, कारण या वेळी चुकायला नको.

कृषीकन्या | २८ सप्टेंबर, रात्री ९:४५

हो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावा. फुलं नोव्हेंबरच्या मध्यात येतील, तेव्हा रात्री पंधरा-सोळाच्या आसपास असतील, घेवड्याला हवं तसंच. फार उशीर करू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा वेल थबकतो.

मास्तर_महाल | २९ सप्टेंबर, सकाळी ६:५०

घटस्थापना ३ तारखेला आहे. त्या दिवशी घरोघरी घटाखाली धान्य पेरतातच. आईचं बी त्याच दिवशी लावा.

काटोलचा_भाऊ | २९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

सगळ्या नका लावू. अर्ध्या लावा, अर्ध्या ठेवा. आमचा बाप म्हणे, बियाण्याचं पोतं कधी पूर्ण रिकामं करू नाही.

सातारची_लेक | ३ ऑक्टोबर, दुपारी १:००

घट बसवले, आरती झाली, आणि १४ बिया लावल्या. १२ परत बरणीत.

सातारची_लेक | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:२५

१३ उगवल्या होत्या, सगळ्या मांडवाच्या वर गेल्या. परवापासून फुलं. आज सकाळी खाली पडलेली फुलं मोजली: ४. आणि वेलावर नखाएवढ्या शेंगा दिसताहेत, मोजता येत नाहीत इतक्या.

गच्चीकर_नंदनवन | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:००

ताई, दिवस सोन्याचा केलात! पाणी आता एकच वेळ द्या, सकाळचं. आणि सगळ्यात खालच्या, लवकर धरलेल्या भरदार शेंगा बियांसाठी राखा, त्यांना लाल दोरा बांधून ठेवा म्हणजे घरातलं कुणी तोडणार नाही.

हिरवीजाळी | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

माझीही फरसबी ऑक्टोबरची. जाळी काढून टाकलीय. शेंगा भरपूर. तारखा वहीत लिहिल्यात.

सातारची_लेक | ८ डिसेंबर, रात्री ८:३०

आज आई-बाबा नागपूरला आले. संध्याकाळी आईला गच्चीवर नेलं. तिनं एक शेंग तोडली, मोडून पाहिली, कच्चीच चावली आणि म्हणाली, "आपलीच आहे." मग स्वतः पदरात शेंगा तोडून आणल्या आणि शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली. इकडच्या सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

आईला धागा वाचून दाखवला. तिनं सगळ्यांना आशीर्वाद सांगितलेत. काटोलच्या भाऊंच्या वडिलांचं बियाण्याच्या पोत्याचं वाक्य तिला फार आवडलं.

अलिबागची_सून | ८ डिसेंबर, रात्री ९:००

वाचून डोळे भरून आले ग. काकूंना नमस्कार सांग.

सातारची_लेक | २६ जानेवारी, दुपारी ३:४०

लाल दोऱ्याच्या शेंगा वाळल्या. आज सगळ्या घरानं मिळून सोलल्या. २१८ दाणे, तपकिरी, गडद रेघांचे. ५० आईला परत पाठवतेय. बरणीतले जुने १२ तसेच ठेवलेत, चिठ्ठी लावून.

ज्यांना हवेत त्यांना पाच-पाच दाणे देईन, मला निरोप करा. अट एकच, पेरणी ऑक्टोबरची.

काटोलचा_भाऊ | २६ जानेवारी, सायंकाळी ५:१०

पाच मले ठेवा. मायले सांगतलं, विहिरीजवळची जागा राखून ठेवते म्हणे. बदल्यात पोपटाचं बी आणून देतो, पुढच्या बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारात येऊन राहिलो.

मास्तर_महाल | २६ जानेवारी, सायंकाळी ६:००

मलाही पाच. आमच्या मागच्या अंगणातली विहीर अजून आहे.